चारुलताकाकूंच्या कोऱ्या फ्लॉप्या

१

रविवारी सकाळी चारुलताकाकूंच्या फ्लॉप्यांमधली सगळी नक्षी नाहीशी झाली आणि चहा गाळून होईपर्यंत गुन्हेगारही ठरला. गुन्हेगाराचं वय चार वर्षं. माझी मुलगी, ज्ञानदा.

तिलक नगरातल्या या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. माझ्या नवऱ्याची, मंगेशची, बँकेनं सांगलीहून जयपूरला बदली केली तेव्हापासून. खाली घरमालक, उमाकांत पेंडसे काका आणि चारुलताकाकू. काका विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि जयपूरलाच राहिले. काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्या काळी शाळेत एक विलायती होम कॉम्प्युटर आला होता, ज्याला बाकीचे शिक्षक हात लावायला घाबरत. काकू त्यावर बटणं दाबून, ठिपक्याला ठिपका जोडून, सांगानेरी छपाईचे बुट्टे आणि वेली काढत. शाळेनं तो मोडीत काढला तेव्हा त्यांनी तो घरी आणला. बरोबर त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह आला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या फ्लॉप्या, म्हणजे काळी, चौकोनी, लवचीक पाकिटं. पुढे ड्राइव्ह बंद पडला तो पडलाच. कापडावरचे नमुने लोकांना देऊन संपले, कागद वाळवीनं खाल्ले. आता काकूंचे हात थरथरतात, पेन्सिल धरता येत नाही. त्यांनी आयुष्यात जे काढलं ते सगळं त्या डब्यात होतं.

शुक्रवारी तो ड्राइव्ह दुरुस्त झाला होता. मी स्वतः बघितलं होतं. पडद्यावर कोयरीची वेल एकेक ओळ करत उतरत आली आणि काकू दोन्ही हात मांडीखाली दाबून बघत बसल्या होत्या.

आणि रविवारी तीच फ्लॉपी घातली तर पडद्यावर एकच ओळ: डिस्क वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच. डब्यातली काकूंच्या नक्षीची प्रत्येक फ्लॉपी घालून झाली.

तेवढ्यात काकूंचा भाचा गौरांग, जो सकाळी कचोऱ्या घेऊन आला होता, त्यानं डबा उचलून उलटापालटा केला. झाकणाच्या वर एक लोहचुंबक चिकटलेला होता. पिवळा आंबा. आमच्या फ्रिजवरचा.

"ये देखो आत्या. मॅग्नेट," तो म्हणाला. "मॅग्नेटनं फ्लॉपी खतम होते. हे तर बच्चों का काम आहे."

सगळ्यांनी ज्ञानदाकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. फक्त उमाकांतकाका कपातल्या चहाकडे बघत होते.

२

मी घाबरट आई आहे. मंगेश म्हणतो की मी घरात शिरल्यावर आधी टोकदार कोपरे मोजते. खरं आहे. पण त्यामुळेच माझ्या मुलीनं काय केलं असेल आणि काय नाही, हे मला बरंच ठाऊक असतं. चुंबक तिनंच चिकटवला, हे तिनं मला वर आल्या आल्या सांगितलं. केव्हा ते तिला सांगता येईना. "मी तोडलं का?" असं मात्र तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि त्या दिवसापासून ती खाली जायला तयार होईना. रोज सकाळी मी ऑनलाइन शिकवण्या घेते तेव्हा ती काकूंकडे असायची. काकूंनी एका शब्दानंही तिला दोष दिला नव्हता. त्या गप्प होत्या, आणि पोरीला तेच जास्त लागलं होतं.

मंगेशचं म्हणणं, आपण भाडेकरू आहोत, माफी मागावी आणि विषय मिटवावा. मला ते पटेना. माफी मागितली की कबुली दिल्यासारखं होतं. आणि मला राहून राहून गौरांगचा तो आवाज आठवत होता.

गौरांगचं सोडाल्याला चादरींचं दुकान आहे. इथेच वाढलेला, मराठी अडखळत बोलतो, पण सौद्याची गोष्ट आली की अडखळत नाही. शनिवारी तो जेवायला आला होता. काकूंचे बुट्टे त्याला चादरींवर छापायचे होते. काकूंनी सांगितलं, आधी मला डोळे भरून बघू दे, मग बघू. तो रुसून कॉम्प्युटरच्या खोलीत लोळत पडला. संध्याकाळी काकू, ज्ञानदा आणि मी बिर्ला मंदिरात गेलो तेव्हा घरात तो आणि काका दोघंच होते.

आणि रविवारी, चुंबक सापडल्यावर थोड्याच वेळात, तो काकूंना म्हणाला होता, "मतलब, आता ह्या बेकार झाल्या ना आत्या. मला दे. दुकानात फ्रेम करून लावतो."

मेलेल्या फ्लॉप्या कुणाला कशाला हव्या असतील? मी काकांना हे बोलून दाखवलं. काका म्हणाले, पोरगा जरा व्यापारी आहे, पण चोर नाही. पुढे असंही म्हणाले की त्यांनी दुरुस्तीवाल्या कौशिकला फोन केला होता. फ्लॉप्या गेल्या, आता काही होणार नाही, असं त्यानं सांगितलं. टेबलाखाली ठेवलेलं त्याचं सामानाचं खोकंही तो शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन गेला.

म्हणजे आम्ही देवळात असताना तिसरा माणूस घरात येऊन गेला होता.

३

कौशिक साळवी हा फौजीचा मुलगा, इंजिनीयर. मुरलीपुऱ्यात त्याची शेड आहे. तिथे तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यांचे व्हिडिओ टाकतो आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश असतो. शुक्रवारी त्यानं ड्राइव्हची पेटी उघडून आतली धूळ काढली, वाचणारी हेडं स्पिरिटनं पुसली, वाळून चिकट झालेला रबरी पट्टा बदलला. आपल्याकडचा तसाच एक ड्राइव्ह खोक्यात घालून टेबलाखाली ठेवून गेला, पुन्हा अडला तर असावा म्हणून. जाताना त्यानं काकूंना दोनदा विचारलं की हा सेट विकणार का.

त्याच दिवशी ज्ञानदानं हट्ट धरला होता की तिला बेडकाचा खेळ हवा. डब्यात शाळेनं विकत घेतलेली, कंपनीच्या छापाची खेळाची एक फ्लॉपी होती. ती घातली तर ड्राइव्ह नुसताच करकरला. कौशिक म्हणाला, ती यावर चालणार नाही, आणि उगाच हसला. "मी साफ केलंय, तेल दिलंय. बाकी जसं होतं तसंच ठेवलंय," असंही म्हणाला. कुणी विचारलं नाही की असं का.

सोमवारी दुपारी काकू झोपल्यावर मी काकांना सांगून खाली गेले. माझ्याकडे एक फ्लॉपी होती. शुक्रवारीच, तिच्यातली नक्षी पडद्यावर बघून झाल्यावर, काकूंनी ती मला दिली होती. तिच्यावरचं लेबल निघालं होतं, सुवाच्य अक्षरात नवं लावून दे म्हणाल्या होत्या. मी ती स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली होती, जिथे मी औषधं, कात्री आणि काडेपेटी ठेवते. तिथे ज्ञानदाचा हात पोचत नाही. डब्याशी आणि आंब्याशी तिचा काही संबंधच आला नव्हता.

ती घातली. डिस्क वाचता येत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता की नाही कोण जाणे, पण झाला. चुंबकानं काहीच केलं नव्हतं. जी फ्लॉपी चुंबकाच्या आसपासही गेली नाही तीही वाचली जात नव्हती.

मग बिघाड ड्राइव्हचा? तपासायला म्हणून मी बेडकाची फ्लॉपी घातली. हिरवा बेडूक टुणकन पानावर येऊन बसला.

शुक्रवारी जे चालत होतं ते आज चालत नव्हतं. जे चालत नव्हतं ते चालत होतं. आणि आणखी एक गोष्ट आता लक्षात आली. शुक्रवारी काकूंनी दुपारभर ड्राइव्ह चालवला तेव्हा त्याची करकर वरपर्यंत येत होती, ज्ञानदाची झोप दोनदा मोडली होती. आत्ता माझ्या कोपराशी असूनही तो मांजरासारखा घुरघुरत होता.

टेबलाखाली वाकून बघितलं. खोकं नव्हतं.

४

मंगळवारी शिकवणीला सुट्टी देऊन मी ज्ञानदाला घेऊन रिक्षानं मुरलीपुऱ्याला गेले. ती लेबलाची फ्लॉपी पर्समध्ये होती. मनात सगळं जुळवून झालं होतं: कौशिकला सेट हवा होता, त्यानं शनिवारी येऊन काहीतरी केलं, आता निकामी माल म्हणून स्वस्तात मागेल. त्याच्या तोंडून काय काढायचं हेही ठरवलं होतं.

शेडमध्ये मांडणीवर जुने कॉम्प्युटर रांगेनं लावले होते. ज्ञानदा दारातच थांबली, हात पाठीशी. कौशिकनं तिला आत ये म्हटलं तर तिनं मान हलवली.

मी सरळ विचारलं, शनिवारी संध्याकाळी पेंडशांकडे कशाला आला होता? तो गोंधळला. शनिवारी तो अजमेरला होता, मित्राच्या लग्नात. फोनमधले फोटो दाखवले, घोड्यापुढे नाचतानाचे. खोकं? ते तिथेच आहे ना, म्हणाला. आणि काकांचा फोन? शुक्रवारनंतर काकांचा फोनच आला नव्हता. फ्लॉप्या वाचल्या जात नाहीत हे तो माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकत होता.

कुणीतरी एक जण खोटं बोलत होता, आणि तो समोरचा नव्हता असं मला वाटायला लागलं.

फ्लॉपी दिली. त्यानं ती आपल्या ड्राइव्हमध्ये घातली. वाचली नाही. त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यानं पेटीचं झाकण काढलं, आतले दोन स्क्रू सैल केले, हेड पुढेमागे नेणारी मोटर नखभर फिरवली, पुन्हा फ्लॉपी घातली. थोडं आणखी फिरवलं. मग पडद्यावर जाळीची किनार उतरू लागली, एकेक ओळ.

"फ्लॉपी ठणठणीत आहे ताई," तो म्हणाला. "काकूंचा ड्राइव्ह वाकडा आहे. वर्षानुवर्षं वाकडा. हेड जरा बाजूला सरकलेलं, म्हणून त्यानं लिहिलेलं सगळं बाजूला लिहिलं गेलं. ते फक्त त्यालाच वाचता येतं. सरळ ड्राइव्हला दिसणारच नाही."

"म्हणजे तो सरळ केला असता तर..."

"तर मी गाढव ठरलो असतो. आमच्यात ही चूक बहुतेक प्रत्येक जण एकदा करतो. दुरुस्त करायच्या नादात सगळं नीट करून ठेवतो आणि गिऱ्हाइकाचं सगळं जातं. म्हणून कंपनीची फ्लॉपी चालत नाही हे बघितल्यावर मी हात आवरला."

काकूंच्या टेबलावर आता सरळ ड्राइव्ह होता. कौशिकच्या खोक्यातला. दोन्ही पेट्या एकसारख्या, मागची वायर काढून दुसऱ्याला लावायची, कुणालाही जमेल. पण ते करून काय होईल हे माहीत असायला हवं होतं.

मी विचारलं, हे वाकडेपणाचं तू कुणाला सांगितलं होतंस? गौरांग शुक्रवारी नव्हता. काकू पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या, मी ज्ञानदाला आवरत होते.

"गेटपर्यंत काका सोडायला आले होते," कौशिक म्हणाला. "त्यांना सांगितलं. म्हटलं, दुसरा ड्राइव्ह लावू नका, काही दिसणार नाही, काकू घाबरतील."

५

काका गच्चीवर उन्हात मटार सोलत बसले होते. ज्ञानदाला मी खाली आमच्या घरात चित्रांची वही देऊन आले होते. काकू शेजारी गेल्या होत्या.

मी त्यांना एका दमात सांगितलं. चुंबक डब्याच्या झाकणावर होता, पण वर माझ्याकडे ठेवलेली फ्लॉपीही वाचली जात नाही. बेडूक चालतो. करकर बंद झाली. कौशिक अजमेरला होता. फोन झाला नाही, खोकं कुणी नेलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसानं सांगितल्या.

ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली शेंग सोलून पुरी केली.

गच्चीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उन्हाळ्यातला कूलर होता. काकांनी ताडपत्री उचलली, जाळी काढली. आत, वाळ्याच्या पट्ट्यांमागे, टॉवेलात गुंडाळलेला ड्राइव्ह.

मग ते बोलले, माझ्याकडे न बघता. शुक्रवारी कौशिक गेल्यावर काकू पेन्सिल आणि कागद घेऊन बसल्या. हात ऐकेना. कागद फाडत होत्या, रडत होत्या. शनिवारी सकाळी पुन्हा तेच. थरथर सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी त्या अशा रडायच्या, मग कशाबशा सावरल्या होत्या. ती नक्षी डोळ्यांसमोर आली आणि सगळं उकरलं गेलं. देवळातून तुम्ही यायच्या आत, गौरांगचा डोळा लागलेला असताना, मी वायर बदलली, काका म्हणाले. म्हटलं, एकदाचं संपलं असं तिला वाटू दे. माणूस संपलेल्याचं दुःख करतो आणि उठतो.

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण खाली माझी मुलगी हात पाठीमागे घेऊन घरभर फिरत होती.

"आणि ज्ञानदा?"

"मी तिचं नाव घेतलं नाही, प्रज्ञा. तो आंबा गौरांगनं काढला."

"तुम्ही नाकारलंही नाही, काका."

मटाराच्या टोपलीवर माशी बसली होती. ती त्यांनी हाकलली नाही.

मी म्हटलं, काकूंना तुम्ही सांगा. आज. मी सांगितलं तर ते वेगळं होईल. आणि तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मग आम्ही दुसरं घर बघू. हे शेवटचं मी मंगेशला विचारलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर शब्द मागे घेतला नाही.

६

काकूंना त्यांनी सांगितलं तेव्हा मी दारात उभी होते. काकांनीच थांब म्हटलं होतं. कदाचित एकट्यानं सांगायचं धाडस नसेल.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. टॉवेलातला ड्राइव्ह टेबलावर ठेवायला लावला, वायर बदलायला लावली. फ्लॉपी काकांनी घातली. करकर सुरू झाली. कोयरीची वेल परत उतरली. काकूंनी ती शेवटच्या ओळीपर्यंत येऊ दिली आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"मी चित्र काढायला बसले होते असं वाटलं तुम्हाला?"

काकांनी खुर्चीची पाठ धरली.

"कुठल्या बटणानं ठिपका पुढे जायचा, कुठल्यानं रंग बदलायचा, ते आठवून लिहीत होते. आठवेना म्हणून रडले. अक्षर उमटेना म्हणून कागद फाडला. पेन्सिलीचं काय घेऊन बसलात, ती केव्हाच सुटली. बटणाला हात थरथरला तर काय होतं? बटण दाबलंच जातं. मला नवीन काढायचं होतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही कूलर उघडत बसलात."

मी कधी काकूंना असं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज चढला नव्हता. काका खुर्चीच्या पाठीवर बोटं ठेवून उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे.

मग काकूंनी गौरांगला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काकांपुढे धरला. हातात तो हलत होता. काकांना तो दोन्ही हातांनी धरावा लागला. फ्लॉप्या चांगल्या आहेत, ज्ञानदानं काही केलं नाही, घोळ मी केला, एवढंच ते म्हणाले. पलीकडून गौरांगनं विचारलं, मग चादरींचं काय? काकूंनी फोन बंद केला.

"पोरीला बोलाव," त्या मला म्हणाल्या.

ज्ञानदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन अडली. मी तिला उचललं नाही, ओढलंही नाही. काका पुढे झाले आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसायला गेले. गुडघे दुखतात त्यांचे, भिंतीला धरून बसले. म्हणाले, तू काहीच तोडलं नाहीस बेटा. मीच वायर बदलली होती. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

ज्ञानदानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरं बोलतायत की नाही हे ती तपासत होती, आणि त्या क्षणी ती अगदी माझ्यासारखी दिसली असावी.

"मग सॉरी बोला ना," ती म्हणाली.

काका म्हणाले, सॉरी.

तिनं एक हात पुढे आणला, नंतर दुसरा. काकांच्या चष्म्याला एक बोट लावून बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"मम्मीला पण बोला. ती रडली होती किचनमध्ये."

हे तिनं पाहिलं होतं, मला माहीत नव्हतं. काका भिंतीला धरून हळूहळू उठले आणि माझ्याकडे वळले. एरवी अशा वेळी मी घाईनं म्हणते, अहो राहू द्या काका, असं काय करता. या वेळी मी गप्प उभी राहिले आणि त्यांना बोलू दिलं.